आखाजीच्या फडातून ऑनलाइन पोकर टूर्नामेंटकडे : नवख्यांसाठी

आमच्या खान्देशात पत्ते कुणाला शिकवावे लागत नाहीत. आखाजी (अक्षय्य तृतीया) जवळ आली की लेकी-सुना माहेरी येतात, लिंबाला झोके टांगले जातात, घरात खापरावरच्या पुरणपोळ्या आणि आमरस. आणि पारावर, गोठ्यात, बंद शाळेच्या ओट्यावर पत्त्यांचे फड. मी तीन पत्ती तिथेच शिकलो. पुढे ऑनलाइन पोकर टूर्नामेंटचा नाद लागला, तेव्हा पहिल्या वीस-पंचवीस स्पर्धांत मी मार खाल्ला तो त्या शिक्षणामुळेच. पत्ते अजिबात न खेळलेली माझी भाची माझ्याआधी शिकली. म्हणून हा लेख मुख्यतः माझ्यासारख्यांसाठी आहे: ज्यांना पत्ते येतात, पण पोकर येत नाही.

आधी पैशाचं बोलून घेऊ

हा छंद फुकटच्या चिप्सवर (खेळातल्या खोट्या नाण्यांवर) खेळायचा. यात दुसरा पर्याय नाही.

ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, 22 ऑगस्टला राष्ट्रपतींची सही झाली. त्याआधी ‘हा कौशल्याचा खेळ की नशिबाचा’ यावर कोर्टात बरीच वर्षं कीस पाडला जात होता. रमीत कौशल्य महत्त्वाचं, असं सुप्रीम कोर्टाने 1967 मध्येच म्हटलं होतं. पोकरबद्दल मात्र गुजरात हायकोर्टाने 2017 मध्ये उलटा निकाल दिला. नव्या कायद्याने हा वादच बाजूला ठेवला: पैसे लावून पैसे जिंकायचा ऑनलाइन खेळ, मग तो कौशल्याचा असो की नशिबाचा, चालवता येणार नाही. चालवणाऱ्याला 3 वर्षांपर्यंत कैद किंवा 1 कोटीपर्यंत दंड किंवा दोन्ही, जाहिरात करणाऱ्याला 2 वर्षांपर्यंत कैद किंवा 50 लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शिक्षा खेळणाऱ्याला नाही. पण ‘परदेशी ॲप आहे भाऊ, इथला कायदा लागत नाही’ असं सांगून कुणी लिंक पाठवली आणि तुम्ही पैसे भरले, तर ते बुडाल्यावर दाद मागणार कुणाकडे? माझ्या ओळखीतल्या एकाचे असे बरेच गेले. फसवणूक झालीच तर 1930 या सायबर हेल्पलाइनवर ताबडतोब फोन करा, लाजेपायी दोन दिवस घालवू नका.

फुकट चिप्सवर चालणारी ॲप्स भरपूर आहेत, झिंगा पोकर त्यातलंच. रोज थोड्या चिप्स मिळतात, त्यांची बाजारात किंमत शून्य. ॲप मधूनमधून ‘चिप्स विकत घ्या’ म्हणून मागे लागेल. घेऊ नका, त्या परत रुपयांत येत नाहीत. मी तर फोनमध्ये खरेदीला पासवर्ड लावून ठेवलाय आणि तो बायकोला माहीत आहे, मला नाही.

तीन पत्तीचं काय विसरायचं

पहिला घोळ शब्दांचा. आपल्याकडे ‘ब्लाइंड’ म्हणजे पत्ते न बघता खेळणं. पोकरमध्ये ब्लाइंड म्हणजे पत्ते वाटायच्या आधी दोघांनी सक्तीने टाकायची रक्कम, एक लहान आणि एक मोठी. पत्ते सगळेच बघतात, न बघता खेळण्यात मर्दुमकी नाही. आपलं ‘पॅक’ म्हणजे तिथलं फोल्ड. साइड शो नाही. शो पैसे टाकून मागायचा नसतो, शेवटच्या बोलीनंतर दोघं-तिघं उरले की पत्ते आपोआप उघडतात. आणि खिशातून आणखी काढायची सोय नाही: समोरच्या चिप्स संपल्या की टूर्नामेंट संपली. आखाजीच्या फडात लोक हातातलं घड्याळ लावताना मी पाहिलेत, तसलं इथे काही चालत नाही, ते बरंच आहे.

दुसरा घोळ पानांच्या क्रमाचा. तीन पत्तीत रन (सलग पानं, सिक्वेन्स) कलरपेक्षा (सगळी एकाच रंगाची पानं) मोठी. पोकरमध्ये उलट, कलर रनपेक्षा मोठा. कारण साधं आहे, जे दुर्मीळ ते मोठं. तीन पानांचे एकूण 22,100 डाव होऊ शकतात. त्यांत साधी रन 720 वेळा येते आणि कलर 1,096 वेळा. पाच पानांत हेच चित्र पालटतं: एकूण 25,98,960 डावांत रन 10,200 आणि कलर 5,108. (जाता जाता: तीन पत्तीत ट्रेल 52 प्रकारे होते आणि प्युअर सिक्वेन्स 48 प्रकारे. म्हणजे हिशेबाने प्युअर मोठी हवी. हे मी एकदा फडात सांगितलं. कुणी ऐकून घेतलं नाही.)

पोकरचा क्रम वरून खाली असा: एकाच रंगाची सलग पाच पानं, मग एकसारखी चार, मग फुल हाऊस म्हणजे तीन एकसारखी अधिक दोन एकसारखी, मग कलर, रन, एकसारखी तीन, दोन जोड्या, एक जोडी आणि काहीच नसेल तर मोठं पान. आपली लाडकी ट्रेल इथे पार मधे घसरते. एक्का-दुर्री-तिर्री-चव्वी-पंजी ही रन होते, पण सगळ्यांत लहान. आपल्याकडे एक्का-दुर्री-तिर्री मोठी धरतात, ती सवय इथे महागात पडते. इस्पिक, बदाम, किलवर, चौकट यांत लहान-मोठं नाही. डाव अगदी सारखा आला तर पॉट (मधे जमलेल्या चिप्स) वाटून घेतात.

तिसरी गोष्ट किकर. तुमच्याकडे एक्का-चव्वी, समोरच्याकडे एक्का-राजा, मधे एक्का पडला. दोघांचीही एक्क्याची जोडी, पण त्याचा राजा तुमच्या चव्वीला खातो. नवखा खेळाडू सगळ्यांत जास्त चिप्स कुठे घालवतो असं विचाराल तर इथे: हातात एक्का दिसला की सोडवत नाही.

एक डाव सावकाश

टूर्नामेंटमध्ये बहुतेक वेळा ‘टेक्सस होल्डम’ खेळतात. प्रत्येकाला दोन पानं झाकून, आणि टेबलाच्या मधे सगळ्यांची मिळून पाच उघडी. सातांतली सर्वांत चांगली पाच म्हणजे तुमचा डाव.

समजा टेबलावर नऊ जण, प्रत्येकाकडे 1,500 चिप्स, ब्लाइंड 10 आणि 20. गोल फिरणारं एक ‘बटण’ असतं, ते आज तुमच्यासमोर आहे. म्हणजे पहिली फेरी सोडली तर दर फेरीत तुम्ही शेवटी बोलणार. सगळ्यांत सोयीची जागा ही. तुमच्याकडे इस्पिकचा एक्का आणि इस्पिकची दश्शी. एकाने बोली वाढवून 60 केली, म्हणजे रेझ केलं. बाकीचे फोल्ड. तुम्ही कॉल केलं, म्हणजे तेवढेच 60 टाकले. लहान ब्लाइंडवाला गेला, मोठ्या ब्लाइंडवाल्याने वरचे 40 टाकले. पॉट झाला 190.

मग तीन पानं एकदम उघडतात, तो फ्लॉप: इस्पिकचा राजा, इस्पिकची चव्वी, बदामची नव्वी. मोठ्या ब्लाइंडवाल्याने चेक केलं (काही न टाकता पुढे दिलं), रेझ करणाऱ्याने 100 टाकले. आता तुम्ही. तुमच्याकडे आत्ता काहीच नाही, पण आणखी एक इस्पिक आलं की एक्क्याचा कलर, आणि आत्ताच्या फ्लॉपवर त्याहून मोठा कलर कुणाचा होऊ शकत नाही.

आखाजीच्या फडात इथे मागून आवाज आला असता, ‘इतला काय इचार कर्स भो, टाकी दे!’ पोकरमध्ये नेमका इथेच इचार करायचा असतो. तेरा इस्पिकांतली चार दिसतात, म्हणजे नऊ शिल्लक. न दिसलेली पानं 47. पुढच्या एका पानावर कलर व्हायची शक्यता 9 भागिले 47, साधारण 19 टक्के. दोन्ही पानं धरली तर 35 टक्के. तोंडी हिशेब असा: उपयोगाची पानं मोजायची, एका पानासाठी दोनाने आणि दोन पानांसाठी चाराने गुणायचं. अगदी अचूक नाही, पण दुकानात उभ्या-उभ्या करायला पुरतं.

आता भाव बघा. पॉटमध्ये 290 झालेत, तुम्हाला 100 टाकायचे. तुम्ही टाकल्यावर पॉट 390, त्यात तुमचे 100 म्हणजे साधारण 26 टक्के. कापसाचा भाव जसा आपण खर्चाशी ताडून बघतो तसंच: जिंकायची शक्यता या 26 पेक्षा जास्त असेल तर सौदा परवडतो. समोरचा ऑल-इन झाला असता, म्हणजे त्याने सगळ्या चिप्स आत टाकल्या असत्या, तर दोन्ही पानं नक्की बघायला मिळाली असती, 35 टक्के, बिनधास्त कॉल. तसं नसेल तर तो पुढच्या पानावर पुन्हा पैसे मागेल आणि नुसते 19 टक्के कमी पडतात. तरी कलर लागल्यावर त्याच्याकडून आणखी चिप्स निघतील, हेही धरायचं. इथे मी कॉल करीन. पण फ्लॉपवर त्याने 100 ऐवजी 800 टाकले असते तर मुकाट्याने फोल्ड.

फ्लॉपनंतरचं चौथं पान टर्न, पाचवं रिव्हर. प्रत्येकानंतर एक बोलीची फेरी. इतकंच.

टूर्नामेंट म्हणजे वाढत जाणारं भाडं

रोजच्या पत्त्यांत आणि टूर्नामेंटमध्ये एकच मोठा फरक: ब्लाइंड ठरावीक वेळाने वाढतात. कुठे दर 10 मिनिटांनी, ‘टर्बो’त 5 मिनिटांनी, काही ठिकाणी त्याहून भरभर. सुरुवातीला 1,500 चिप्स आणि 20 चा मोठा ब्लाइंड, म्हणजे तुमच्याकडे 75 मोठे ब्लाइंड आहेत. तासाभराने ब्लाइंड 100-200 झाले आणि तुमच्याकडे तेच 1,500 असले, तर उरले साडेसात. एकही डाव हरला नाहीत, तरी गरीब झालात.

म्हणून चिप्स कधी आकड्यात मोजू नका, मोठ्या ब्लाइंडमध्ये मोजा. हे वाक्य मी कागदावर लिहून फोनच्या कव्हरमागे ठेवलं होतं. बरीच ॲप्स तसं दाखवायची सोय देतात, सेटिंगमध्ये शोधा.

सुरुवातीला, म्हणजे 40-50 पेक्षा जास्त मोठे ब्लाइंड असताना, काही करू नका. खरंच. दोन पानांचे 1,326 प्रकार होतात, त्यांतले बहुतेक फेकायच्याच लायकीचे. एक्क्यांची जोडी 221 डावांत एकदा येते. तुमच्या आधी कुणी बोललं नसेल आणि जागा लवकर बोलायची असेल तर मोठ्या जोड्या, एक्का-राजा, एक्का-राणी एवढंच खेळा. बटणावर असाल तर थोडं सैल. लहान जोडी, समजा पंजी-पंजी, स्वस्तात मिळत असेल तर फ्लॉप बघा. तिसरी पंजी साधारण साडेआठ वेळांत एकदा लागते, लागली तर मोठा पॉट, नाही तर सोडून द्या.

फुकटच्या टूर्नामेंटमध्ये पहिल्या दहा मिनिटांत लोक दुर्री-सत्तीवर ऑल-इन मारतात. चिप्स फुकट, मग काय! तुमच्या हातात राण्यांची जोडी असताना तो गडी रिव्हरवर तिसरी सत्ती काढून तुम्हाला घरी पाठवील, आणि तुम्ही ‘ॲपमध्ये सेटिंग आहे’ म्हणून ओरडाल. मीही ओरडायचो. एक्क्यांची जोडीसुद्धा कुठल्याही दोन पानांसमोर सुमारे 85 टक्केच जिंकते, म्हणजे सातांत एकदा हरते. रोज खेळणाऱ्याला ते कधी ना कधी दिसणारच. अशा लोकांना ब्लफ मात्र करू नका. ते फोल्ड करत नाहीत, आणि जो फोल्ड करत नाही त्याला ब्लफ करणं म्हणजे गाढवापुढे वाचली गीता. चांगला पत्ता असेल तेव्हा सरळ मोठी बोली लावा, ते देतात.

दहा-बारा ब्लाइंडवर आलात की

इथे थोडं थांबतो, कारण स्पर्धा इथेच जिंकल्या-हरल्या जातात, आणि नवखे लोक इथेच भित्रे होतात.

दहा-बारा मोठे ब्लाइंड उरले की कॉल करून फ्लॉप बघणं बंद. एकतर ऑल-इन, नाहीतर फोल्ड. ब्लाइंड 100-200 असताना तुम्ही 1,500 घेऊन बटणावर आहात आणि आधीचे सगळे फोल्ड झालेत. हातात एक्का-छक्की. तुम्ही ऑल-इन केलंत तर जिंकायचे दोन रस्ते: उरलेले दोघं सोडून देतात आणि पत्ते न उघडता 300 मिळतात, म्हणजे तुमच्या चिप्समध्ये एका झटक्यात 20 टक्के वाढ, किंवा कुणी कॉल करतो आणि तुमची पानं जिंकतात. नुसतं कॉल केलंत तर पहिला रस्ता बंद. आणि वाट बघत बसलात, तर नऊ जणांच्या टेबलावर बटणाच्या दर चकरेला 300 चं भाडं, पाच चकरांत घर रिकामं. त्यातही ॲपमध्ये ‘अँटी’ असेल, म्हणजे दर डावाला प्रत्येकाकडून थोडी वर्गणी, तर आणखी लवकर.

इथे तीन पत्तीचं एक शिक्षण मात्र कामी येतं. समोरच्याला सोडायला लावणं आपल्याला चांगलं जमतं. फक्त पहिली चाल आपली हवी. दुसऱ्याने ऑल-इन केल्यावर त्याच एक्का-छक्कीने कॉल करणं ही वेगळी गोष्ट आहे, तिथे सोडायला कुणी उरलेलं नसतं.

मग येतो ‘बबल’, म्हणजे आणखी एक जण बाद झाला की बाकीचे सगळे बक्षिसात, अशी वेळ. नऊ जणांची छोटी स्पर्धा घ्या, बक्षीस पहिल्या तिघांना: 50, 30, 20 टक्के. चौघं उरलेत. एकाकडे फक्त 200 चिप्स, पुढच्या डावात ब्लाइंडमध्येच संपतील. तुमचा चिप्सचा ढीग (स्टॅक) मधला, हातात एक्का-गुलाम, आणि सगळ्यांत श्रीमंत गडी ऑल-इन करतो. एरवी विचार केला असता. इथे फोल्ड. तो 200 वाला गेला की तुम्ही बक्षिसात. सगळ्या चिप्स जिंकल्या तरी मिळतात 50 टक्केच, म्हणून जिंकलेल्या हजार चिप्सपेक्षा गमावलेले हजार जास्त दुखतात. उलट तुम्हीच श्रीमंत असाल तर हीच भीती वापरा आणि मधल्या दोघांवर दर डावाला दाब टाका.

वीज, उन्हाळा आणि नेट

पुण्या-मुंबईच्या लोकांना हे कुणी सांगत नाही. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा 45 च्या आसपास जातो, फोन तापतो आणि आधी स्क्रीन मंद होते, मग ॲप बंद. चार्जिंगला लावून खेळू नका, आधी भरून घ्या. लाइट गेली की वायफाय गेलं. मोबाइल डेटा चालू ठेवूनच बसा. नेट तुटलं तरी टूर्नामेंट तुमच्यासाठी थांबत नाही: ब्लाइंड कापले जातात, पत्ते आपोआप फोल्ड होतात. ‘टाइम बँक’ नावाची जादा सेकंदं असतात, ती साध्या डावांत उधळू नका.

कोणती स्पर्धा निवडायची? शेकडो लोकांची मोठी टूर्नामेंट तीन-चार तास चालते. रात्री दहाला बसाल आणि दोनला उठाल, सकाळी दुकान उघडायचंय. सुरुवात ‘सिट अँड गो’ने करा: सहा किंवा नऊ जण भरले की सुरू, तासाभरात निकाल. मी महिनाभर रोज एकच खेळायचो, आणि बाद झालो की त्या रात्री दुसरी नाही. रागाच्या भरात वाईट खेळण्याला पोकरवाले ‘टिल्ट’ म्हणतात, तसं रागात उघडलेल्या दुसऱ्या स्पर्धेत मी एकदाही पहिल्या तिघांत आलो नाही.

बाद झाल्यावर शेवटचा डाव ‘हँड हिस्टरी’त उघडून बघा. हरलो का, हे विचारू नका. चिप्स आत गेल्या तेव्हा पुढे होतो की मागे, ते बघा. राजांच्या जोडीने ऑल-इन केलं आणि समोर राण्यांची जोडी होती, तर तुम्ही साधारण 80 टक्के पुढे होतात, मग राणी पडली तरी वहीत ‘बरोबर’ लिहा. एक्का-चव्वीने कॉल करून जिंकलात तर ‘चूक’ लिहा. माझ्या वहीत पहिल्या महिन्यात जिंकलेल्या डावांसमोरच ‘चूक’ जास्त आहे.

घरीच एक करून बघा

स्क्रीनवर गोंधळ होत असेल तर येत्या आखाजीला घरीच एक टूर्नामेंट लावा. सहा-सात जण, एक कॅट. चिप्स म्हणून धान्य: तुरीचा दाणा 10 चा, हरभरा 50 चा, शेंगदाणा 100 चा. शेंगदाणे कच्चे घ्या, भाजलेले घेतले तर मधल्या टप्प्यात स्टॅक कमी होत जातात. प्रत्येकाला 1,500. ब्लाइंड 10-20 पासून, फोनवर दर 15 मिनिटांचा गजर, गजर झाला की जवळपास दुप्पट. तुरीचे दाणे निरुपयोगी झाले की बदलून घ्या. दोन-अडीच तासांत एकटा उरतो.

पैसे लावायचे नाहीत. आमच्याकडे नियम असा, की जो पहिला बाद होईल त्याने घरातल्या सगळ्यांच्या रसासाठी आंबे पिळायचे. गेली दोन वर्षं एकच काका पिळतायत, दोन्ही वेळा पहिल्या पाच डावांत, पत्ते न बघता ऑल-इन.